चार दिवसांचा कोपरा

पोटात दुखणं ही आमच्या घरात फक्त पुरुषांना परवडणारी गोष्ट होती. बाबांच्या पोटात दुखलं की माग थांबायचा, आत्या ओवा भाजायला घ्यायची, आई गरम विटकर फडक्यात गुंडाळून आणायची, आणि आज यांच्याकडची खटखट का बंद आहे ते विचारायला शेजारची चार माणसं दारात यायची. माझ्या पोटात दुखलं की कोणीतरी सुताची टोपली माझ्यापुढे सरकवायचं. हात चालू राहिले म्हणजे दुखणं विसरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे म्हणणाऱ्यांपैकी एकालाही कधी असं दुखलं नव्हतं, पण अक्कल शिकवायला कुठे दुखावं लागतं! चरख्यावर मागाच्या कांड्या सुतानं भरता भरता मी कितीतरी वेळा ओठ चावून रक्त काढलं आहे, आणि त्या रक्ताचीच तेवढी घरात चौकशी झाली. सुताला लागेल म्हणून.

नागपुरात गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत आमचं कोष्ट्याचं घर होतं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेले दोन माग, एकावर बाबा आणि दुसऱ्यावर माझा मोठा भाऊ. मागच्या खोलीत चूल, सुताच्या लडी, आणि आम्ही बायका. सकाळी भाकरीच्या वासाच्याही आधी नाकात शिरायचा तो खळीचा आंबूस वास. ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, विणण्याआधी गल्लीत लांबच्या लांब ताणून बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी चालत त्यांना कुंच्यानं खळ लावायची, असा रिवाज होता. त्या कामाला घरातलं प्रत्येक माणूस लागे. ऊन चढायच्या आत ते उरकावं लागे, आणि एवढ्या गडबडीत आत्याचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि जवसाची चटणी. ती चटणी मात्र आत्यासारखी कोणाला जमली नाही, हे मी आजही कबूल करते. तिचे बाकीचे गुण कबूल करायची घाई मला नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि घराचा कारभार तिच्या कमरेला लागला. आई तिच्यापुढे तोंड उघडत नसे, आणि बाबांना तोंड उघडायची गरजच पडत नसे. आत्याचा सगळ्यात कडक नियम होता तो बाहेर बसण्याचा. पाळी आलेल्या बाईनं मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, घोंगडीवर, चार दिवस बसायचं. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, आणि ताण्याला तर अजिबातच नाही. बाहेर बसलेल्या बाईची सावली जरी ताण्यावर पडली तरी धागे पटापट तुटतात, असं आमच्याकडे सगळे मानत. धागा तुटला की आत्या आधी आमच्या तोंडाकडे बघायची. सूत कच्चं असेल, खळ पातळ झाली असेल, भावाचं लक्ष गल्लीतून जाणाऱ्या पोरींकडे असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

मला न्हाण आलं तेव्हा पहिलं वर्षभर सगळं चारचौघींसारखंच होतं. मग दुखायला लागलं, आणि ते नियमात बसेना. पाळी यायच्या पाच दिवस आधी ओटीपोट पिळवटायला लागायचं, मांड्यांपर्यंत कळा जायच्या, आणि शौचाला बसलं की आतून सुरी फिरावी तसं व्हायचं. पाळीत ते वाढायचं. मधल्या दिवसांतही एखादी कळ येऊन जायची. आता मजा अशी की आमच्या घरात बाईला विश्रांती होती ती त्या चार दिवसांचीच. त्या चार दिवसांत मी कोपऱ्यात मुटकुळं करून पडले तर कोणी काही म्हणत नसे. त्याच्या आधीचे पाच दिवस मी तशीच पडले की ते ढोंग.

आत्या म्हणायची, "काहून वं वच्छे, आज काय झालं? बाहेर झाली का?"

"नाई आत्या. पोट दुखून राहिलं."

"मंग ऊठ. बाहेर होशीन तवा पडजो. आमाले काय पोटं नाई का?"

आणि वर एरंडेल पाजायची. शौचाला बसताना जिला ब्रह्मांड आठवतं तिला एरंडेल! या उपायाला माझ्या मते तोड नाही. मारायचंच होतं तर खळीच्या घंगाळात बुडवलं असतं तरी कमी त्रास झाला असता.

तेव्हा मी खोटं बोलायला शिकले. सतरा वर्षांची होते. दुखायला लागलं त्या दिवशी मी सरळ सांगितलं की मी बाहेर झाले, आणि घोंगडीवर जाऊन बसले. कोणी पडताळून बघायला येणार नव्हतं. मी मागच्या बाजूला कोऱ्या चिंध्या पाण्यात बुडवून पिळायची आणि जुन्या लुगड्याखाली वाळत घालायची, म्हणजे संशय नको. चार दिवस पोटाशी गुडघे घेऊन पडून मिळालं. चौथ्या दिवशी न्हाऊन मी शुद्ध झाले, आणि पाचव्या दिवशी पहाटे खरोखरची पाळी आली. बाहेर गल्लीत ताणा बांधून तयार होता. आत्या हाका मारत होती. कालच न्हालेली पोरगी आज परत बाहेर कशी होणार? मी कुंचा उचलला आणि ताण्याजवळ गेले. मी कुंचा इतका घट्ट दाबला की खळ कोपरापर्यंत ओघळली. आता धागे तुटणार, सगळी गल्ली माझ्याकडे बघणार, बाबा मला घराबाहेर काढणार, असं मनात म्हणत मी त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. सूर्य वर आला. एकही धागा तुटला नाही. त्या ताण्याचं पुढे हिरव्या काठाचं लुगडं झालं आणि ते कोणाच्या तरी लग्नाला गेलं. नवरी सुखात असेल अशी आशा आहे.

पुढची दोन वर्षं मी असंच केलं. दुखायला लागलं की बाहेर, आणि खरी पाळी आली की ताण्यावर. कधी मधल्या दिवसांत दुखलं की पुन्हा बाहेर. कधी अगदीच सोसेना तेव्हा खऱ्या पाळीलाही बाहेर. आत्याच्या हिशेबी मी महिन्यात तीन तीन खेपा बसायला लागले. ती गोष्ट तिला झोप लागू देईना, कारण कांड्या कमी पडत होत्या. शेवटी एक दिवस ती मला टांग्यात घालून सीताबर्डीच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली.

त्या डॉक्टरांच्या खोलीत विजेचा पंखा होता, एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं आठवतं. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे बघून ते आत्याशी बोलत, बाजारात गायीकडे बघून मालकाशी बोलावं तसं.

"काय होतं मुलीला?"

"महिन्यातले बारा दिवस बाहेर बसते जी."

"लग्न झालंय?"

"नाई जी."

"मग हेच कारण. लग्न करून टाका. एक मूल झालं की सगळं जागच्या जागी बसेल. तोवर हे टॉनिक द्या. आणि बाळ," हे बाळ म्हणजे मी, एकोणीस वर्षांची घोडी, "मनाला जास्त लावून घेऊ नये."

मी तोंड उघडलं होतं. पोट कधी दुखतं, कुठे दुखतं, शौचाला काय होतं, सगळं जिभेवर होतं. पण शौचाचा शब्द पंख्याखाली बसलेल्या त्या इस्त्रीच्या सदऱ्यापुढे कसा काढायचा? आणि खरं सांगायचं तर बारा दिवसांचं खोटंही सांगावं लागलं असतं. आत्याचा हात माझ्या दंडावर होताच. मी तोंड मिटलं. ते टॉनिक लाल रंगाचं होतं आणि त्याला लोखंड चाटल्याची चव होती.

हल्ली माझ्या भाचीची मुलगी असल्याच दुखण्यासाठी त्याच सीताबर्डीला गेली होती. डोक्यावरून मेट्रो जाते, दवाखान्यात एसी आहे, आणि डॉक्टरनं सांगितलं, लग्नाचं बघताय का? ती चिडून माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं, बाई गं, पंखा जाऊन एसी आला हे काय थोडं झालं!

तर माझं औषध शोधायचं ठरलं. उमरेडचं एक विणकराचं घर बघितलं. मुलगा माग चालवायचा, दिसायला बरा होता, आणि मला बघायला आला तेव्हा सगळा वेळ आमच्या मागाच्या फणीकडे बघत होता. मला त्यात काही गैर वाटलं नाही, फणी चांगलीच होती. सुपारी फुटली. मला मात्र एकच भीती खात होती. इथे निदान मागची खोली माझ्या ओळखीची होती, तिथे परक्या घरात हे दुखणं घेऊन मी कुठे लपणार होते? लग्नानं बरं होईल असं डॉक्टर म्हणाले होते. नाही झालं तर? रात्रंदिवस तोच विचार. पण पंधरा दिवसांतच मुलाच्या आईच्या कानावर गेलं की पोरगी महिन्याचे बारा दिवस बाहेर बसते. त्या बाईनं हिशेब मांडला. बारा दिवस सून ताण्याला हात लावणार नाही, चूल बघणार नाही, मग तिला खायला घालायचं काय आणि कशासाठी? निरोप आला, सोयरीक मोडली. आणि माझ्या पोटासाठी जे घर तीन वर्षांत हललं नव्हतं, ते सोयरिकीसाठी एका दिवसात हललं. बाबा पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलले.

"बाईमानसाच्या डॉक्टरकडे ने तिले," ते आत्याला म्हणाले, आणि परत धोटा फेकायला लागले.

म्हणून मी बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले. नागपूर अजून राजधानी होतं त्या दिवसांतली ही गोष्ट. बाकावर पन्नास बायका, डॉक्टरीणबाई एकट्या. त्या काही देवी वगैरे नव्हत्या. बारीक, काळ्यासावळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि बोलणं कात्रीनं कापल्यासारखं. माझ्या आधीच्या बाईवर त्या एवढ्या ओरडल्या की मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मलाच विचारलं.

"काय होतंय?"

"महिन्यातले बारा दिवस..." आत्यानं सुरू केलं.

"तुमचं पोट दुखतंय का?"

"माहं? नाई जी."

"मग तुम्ही गप्प बसा."

आत्याला गप्प बस म्हणणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून डोळा बघितला, मग दुसरा. नखं बघितली. जीभ बघितली.

"किती दिवसांपासून बारा बारा दिवस जातंय?"

"दोन वर्षं."

"खोटं. दोन वर्षं एवढं रक्त गेलं असतं तर तू पांढरीफटक पडली असतीस. तुझे डोळे माझ्यापेक्षा लाल आहेत. हे बघ मुली, खरंच बारा दिवस जात असेल तर तुझी पिशवी आतून खरवडून बघायला हवी. जात नसेल तर ते सगळं व्यर्थ, आणि मला दुसरीकडेच शोधायला हवं. खरं काय ते सांग. बाहेर पन्नास जणी बसल्या आहेत."

आत्या माझ्या शेजारीच होती. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं हे मला पुरतं कळत होतं. खोटं खोटं बाहेर बसले हे तर होतंच, पण खऱ्या पाळीत ताण्याला हात लावला, एकदा नव्हे, दोन वर्षं, हे तिच्या कानावर घालायचं होतं. आमच्या घरात याहून मोठं पाप नव्हतं. नाही सांगितलं तर ती बाई माझं चुकीचं काहीतरी खरवडणार होती आणि दुखणं तसंच राहणार होतं. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. पाच दिवस आधीचं, शौचाचं, मांड्यांचं, एरंडेलाचं, कोऱ्या चिंध्यांचं, कुंच्याचं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. आत्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग पडद्याआड तपासणी झाली. तिथे एका जागी त्यांचं बोट लागलं आणि मी किंचाळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, इथेच." मला त्या शब्दाचं एवढं सुख वाटलं की मी रडायला लागले. तीन वर्षं घरचे ज्याला ढोंग म्हणत होते त्याला जागा होती. बोट ठेवता येत होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. पिशवीच्या आत जे अस्तर असतं आणि दर महिन्याला गळून जातं, तसलंच अस्तर काही बायकांना पिशवीच्या बाहेर, पोटात उगवतं. ते सुजतं, त्यातूनही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर जायला वाट नसते. ते तिथेच साचतं, चिकटतं, आतड्याला ओढतं, म्हणून शौचाला दुखतं. रोगाचं इंग्रजी नाव त्यांनी कागदावर लिहिलं. ते मला पुढे कित्येक वर्षं वाचता आलं नाही.

"लग्न केलं तर बरं होईल का?" मी विचारलं.

"लग्न हे औषध असतं तर मी चिठ्ठीवर लिहून दिलं असतं. मूल राहिलं तर काही जणींना आराम पडतो. पण तुला मूल राहीलच असं मी सांगणार नाही. या रोगात अडचण येते. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ लागतेय, पोट उघडून ती काढू, बाकीचं शक्य तेवढं जपू. पुन्हा होणार नाही असंही सांगत नाही. तोवर दुखेल तेव्हा या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, आणि पडून राहायचं. एरंडेल बंद."

ऑपरेशन झालं. त्याआधी घरात आत्यानं सांगितलं की पोरीच्या पोटात गाठ आहे, आणि लगेच सगळे हळहळले, बाबांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. गाठ म्हटलं की लोकांना पटतं, कारण ती काढून थाळीत दाखवता येते. दुखणं थाळीत कसं दाखवणार? पुढे बारा वर्षं मला बरंच बरं होतं, मग ते परत आलं, पुन्हा पोट उघडलं. मूल झालं नाही. पुढे शिकून शाळेत शिक्षिका झाले, उशिरा लग्न केलं, ज्याच्याशी केलं तो माणूस पोट दुखतं म्हटल्यावर कधी वर बघत नसे, सरळ पाणी तापवायला जात असे. एवढ्यावरच मी त्याचे बाकीचे शंभर अपराध पोटात घातले.

पण मला सांगायचं आहे ते त्या तपासणीच्या दिवशीच्या परतीच्या वाटेबद्दल. टांग्यात आत्या माझ्या समोर बसली होती. आता घरी गेल्यावर काय होणार ते मी मनातल्या मनात मांडून बघत होते. रेल्वेचा पूल गेला, बाजार गेला. आमची गल्ली जवळ आली तेव्हा तिनं टांगेवाल्याच्या पाठीकडे बघत हळूच विचारलं.

"तुटला का वं?"

"काय?"

"धागा."

"नाई, आत्या. एकबी नाई तुटला."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माह्या हातूनबी नव्हता तुटला. सासरी, बाहेर असतांनी. लई वर्षं झाले."

मला वाटलं टांग्यातून उडी मारावी. त्या पंख्यावाल्या डॉक्टरचा आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी तिचा आला. हिला माहीत होतं! तीस वर्षं हिला माहीत होतं, आणि तरी धागा तुटला की ही आमच्या तोंडाकडे बघत होती.

"मंग काहून पाळायले लावते तू आमाले?" मी ओरडलेच. टांगेवाल्यानं मागे वळून बघितलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "न पाळून काय केलं असतं वं? मंग चार दिवस आपल्याले कोनं बसू देल्लं असतं?"

ते खोटं नव्हतं. पण राग गेला नाही. तिला चार दिवस पुरत होते, म्हणून जगातल्या सगळ्या बायकांना चार दिवस पुरावेत, असं तिनं ठरवून टाकलं होतं. माझे दहा दिवस तिच्या चारात बसत नव्हते, म्हणून मी ढोंगी.

घरी पोचलो तेव्हा गल्लीत दुसऱ्या दिवशीच्या ताण्यासाठी खुंट्या ठोकणं चाललं होतं. बाबांनी हातातला हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "काय म्हनलं डॉक्टरीणबाईनं?" भाऊ बघत होता, आई दारात येऊन उभी राहिली. आत्या माझ्या पुढे झाली. मला वाटलं आता ती सगळं सांगणार, ताण्याचंसुद्धा. निदान एवढं तरी म्हणेल की हिच्या पोटात खरंच दुखतं, हिला पडू द्या.

"डॉक्टरीणचं मंग सांगतो," ती म्हणाली. "बाजूले व्हा सारे. पोरीले शिवू नका. ती बाहेर हाय."

सगळे भराभर बाजूला झाले. बाबांनी ताण्याचं सूत लांब सरकवलं. आईनं आत जाऊन कोपऱ्यात घोंगडी टाकली, आणि मी त्या घोंगडीवर जाऊन पडले. मी बाहेर नव्हते. माझं फक्त पोट दुखत होतं.